मोकळ्या जागेचे पैसे

ग्राफिक डिझाइनच्या शिक्षणाची सुरुवात करड्या रंगाने होते आणि ती बराच काळ तिथेच रेंगाळते. एका टोकाला काळा चौकोन, दुसऱ्या टोकाला पांढरा, आणि मधल्या चौकोनांतून काळ्याने हळूहळू पांढरं होत जायचं. मध्ये कुठे उडी मारलेली दिसता कामा नये. ऐकायला सोपं आहे. पण पोस्टर कलर ओला असताना एक रंग दाखवतो आणि वाळल्यावर दुसराच, हे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळवून आलेल्या मुलीला कुणी सांगितलेलं नसतं. रात्री जुळलेले चौकोन सकाळी फुटलेले असत. "चौथा पाचव्याशी बोलत नाही," सर म्हणायचे. माझे चौथा आणि पाचवा भावकीतले असावेत. शेवटपर्यंत बोलले नाहीत.

पहिल्या सुट्टीत तो कागद घेऊन मी कराडला गेले. तिथे बाबांचं कृषी सेवा केंद्र आहे. खत न्यायला आलेल्या प्रत्येकाला 'पोरगी पुण्यात डिझायनर होतीय' हे त्यांनी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे काउंटरवर कागद पसरताच बघायला माणसं जमली. बाबांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि आत वळून आईला विचारलं, "फी आपण पूर्ण भरली होती ना?"

मी त्यांना बाउहाउस समजावून सांगायला गेले. १९१९ साली जर्मनीत वायमारला ही शाळा निघाली, जगभरचं डिझाइनचं शिक्षण आजही तिचंच बोट धरून चालतं, आणि आमचं पहिलं वर्ष तर सरळसरळ तिच्याच धर्तीवर. तिथे नवख्या मुलांचा वर्ग योहानेस इटेन घ्यायचे. ते आधी श्वासाचे व्यायाम करून घेत आणि मग चित्राला हात लावू देत. शिवाय ते एका आहारनिष्ठ पंथाचे होते, त्यापायी शाळेच्या खानावळीत शाकाहार आणि बेसुमार लसूण.

"म्हणजे प्राणायाम आणि लसूण," बाबा म्हणाले. "त्याला पुण्याला कशाला जायला पाहिजे?"

करड्यातून जिवंत बाहेर पडलं की आमचे सर भेटतात. खासगीत आम्ही त्यांना 'काढा' म्हणतो. कोणतंही काम समोर ठेवा, ते चष्मा कपाळावर घेतात, दोन पावलं मागे सरकतात, डोळे बारीक करतात आणि विचारतात, "यातलं काय काढता येईल?" चौकट काढा. फुलं काढा. दुसरा रंग काढा. चहाच्या पोस्टरमधून मी आधी वाफ काढली, मग बशी काढली, मग कपसुद्धा काढला. राहिला एक तपकिरी ठिपका. "आता चहा आला," सर म्हणाले. माझ्या शेजारच्या मुलाने वैतागून कोराच कागद नेऊन दिला. सरांनी तो बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "चांगलंय. कागद जरा जास्त बोलतोय."

सरांची सगळी श्रद्धा मोकळ्या जागेवर. मोकळी जागा म्हणजे उरलेली जागा नव्हे, ती मुद्दाम मांडलेली असते. डोळ्याला टेकायला जागा हवी. जिथे काही नाही तिथेच अर्थ असतो. हे सगळं ते सलग दीड तास सांगतात, मध्ये कुठेही मोकळी जागा न सोडता.

अक्षरलेखनाच्या तासाला मात्र मला त्यांच्याबद्दल प्रेम वाटायचं. कमल शेडग्यांनी नाटकांच्या नावांना जे चेहरे दिले, ते दाखवताना सर वेगळेच होत. वर्तमानपत्रातल्या बोटभर जाहिरातीत नुसतं नाव बघावं आणि नाटक हसवणार की रडवणार ते कळावं, अशी ती अक्षरं. मग आम्हाला काम मिळालं: आपलं नाव असं लिहा की त्यात आपला स्वभाव दिसला पाहिजे. माझं नाव पाहून सर म्हणाले, "भित्रं आहे, पण प्रामाणिक आहे." खरं म्हणजे ऐन रेघेच्या वेळी रूममेटने पंखा पाचवर केला होता.

तर अशी दोन वर्षं काढली की माणसाला एक रोग जडतो. त्याला मजकूर वाचता येईनासा होतो, फक्त अक्षरं दिसतात. हॉटेलात मेनूकार्ड आलं की बाकीचे पदार्थ ठरवतात आणि मी दोन ओळींमधलं अंतर बघते. आमच्या होस्टेलच्या रेक्टरबाईंनी 'रात्री दहानंतर येणाऱ्या विद्यार्थिनींवर कठोर कारवाई करण्यात येईल' ही सूचना इंग्रजीतून कॉमिक सॅन्समध्ये लावली. व्हिन्सेंट कॉनेअरने १९९४ साली तो फाँट केला तो पडद्यावरच्या एका कार्टून कुत्र्याच्या बोलण्यासाठी, हे माहीत असल्यामुळे ती धमकी मला शेवटपर्यंत गंभीर वाटलीच नाही. त्याचे परिणाम रेक्टरबाईंनी मला दुसऱ्या, साध्या फाँटात कळवले.

सगळ्यात वाईट प्रसंग गावाकडचा. लांबच्या नात्यातले एक आजोबा वारले. चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागला. त्यावरची अक्षरं जागेत बसावीत म्हणून कुणीतरी आडवी ताणली होती, 'भा' फुगून दुप्पट झाला होता आणि 'पू'चा उकार खालच्या फुलांच्या परडीत बुडाला होता. ते बघताना माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. आत्याने मला जवळ घेतलं. "पोरीला किती लागलं बघा," ती सगळ्यांना म्हणाली. त्या आजोबांना मी आयुष्यात एकदाच भेटले होते, तेही ते झोपलेले असताना.

दुसऱ्या वर्षाचा मोठा प्रकल्प होता 'आपल्या भोवतीची अक्षरं'. वर्गातल्या हुशार मुलांनी दुकानांच्या जुन्या पाट्या घेतल्या, शिलालेख घेतले. एकीने मोडी घेतली आणि ती महिनाभर आमच्याशी बोलेना. मी गाड्यांच्या नंबरप्लेट घेतल्या. अजूनही मला वाटतं की महाराष्ट्रात अक्षरांवर सगळ्यात धाडसी प्रयोग कुणी केले असतील, तर ते प्लेट रंगवणाऱ्यांनी. इंग्रजी चार-एक-चार-एक या आकड्यांची मान जरा वाकवली, चाराचं पोट जरा गोल केलं की तिथे 'दादा' उभा राहतो. नियमाप्रमाणे हे चालत नाही, दंड होतो. म्हणजे आमच्या धंद्यात हा एकच कलाप्रकार असा, की ज्यात प्रयोगाचे पैसे कलाकाराला मिळतात आणि पावती रसिकाच्या नावाने फाटते.

तर चहाच्या टपरीशी एक बुलेट उभी होती आणि तिच्यावर अप्रतिम 'दादा' होता. मी गुडघ्यावर बसून फोटो काढायला लागले. गाडीचा मालक धावत आला.

"ओ मॅडम, आरटीओच्या का?"

"नाही, विद्यार्थिनी आहे."

हे ऐकून त्याने केस सारखे केले, गाडीला रेलून उभा राहिला आणि म्हणाला, "आता काढा."

"तुम्ही जरा बाजूला व्हाल का? अक्षर झाकलं जातंय."

तो पडलेल्या चेहऱ्याने बाजूला झाला. पण मी दोन आकड्यांमधल्या अंतराचं कौतुक करताच त्याची कळी खुलली. "पेंटरनं पहिल्यांदा लांब लांब काढलं होतं," तो सांगायला लागला. "मी म्हटलं, एकाला चाराच्या अंगाला चिकटव. सुटा राहिला तर नुसता आकडा दिसतो, जवळ आला की दादा होतो." अक्षरांमधलं अंतर या विषयावर सरांनी तीन व्याख्यानं दिली होती. त्यांतलं एवढं नेमकं वाक्य मला आठवत नाही. आता १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नोंदणी प्लेट बसवणं बंधनकारक झालंय, म्हणजे एका अख्ख्या अक्षरपरंपरेवर सरकारने ॲल्युमिनियम ठोकलं. माझा प्रकल्प त्यामुळे एकदम ऐतिहासिक झाला आणि मला त्यात बरे गुण मिळाले.

आणि मग मामेभावाचं लग्न ठरलं.

घरात डिझायनर असल्याचा तोटा असा, की पत्रिका घरच्या घरी होणार हे सगळे गृहीत धरतात आणि पत्रिका कशी असावी हेही सगळ्यांनाच माहीत असतं. मी उत्साहाने कच्चा आराखडा केला. जाड पांढरा कागद, डाव्या अंगाला दोन नावं, खाली बारीक अक्षरांत तारीख, बाकी सगळं मोकळं. मामांनी तो पाहिला.

"छान आहे," ते म्हणाले. "छापणार कधी?"

"मामा, हे असंच छापायचं."

"म्हणजे आत काय?"

आतल्या पानावर मजकूर यायचा होता म्हणून मी तात्पुरता नेहमीचा 'लोरेम इप्सम' टाकला होता. मामांनी ते इंग्रजी अक्षरांतलं लॅटिन मोठ्याने, एका लयीत वाचलं आणि मामींना म्हणाले, "मंगलाष्टकं घातलीत वाटतं, पण भटजींना झेपायची नाहीत." मी सांगितलं की हा निरर्थक मजकूर आहे, सिसेरो नावाच्या रोमन माणसाच्या इसवी सनपूर्व ४५ मधल्या ग्रंथाची मोडतोड करून केलेला, जागा धरून ठेवण्यासाठी.

"जागा धरायला एवढ्या लांबचा माणूस कशाला?" मामा म्हणाले. "आपला अण्णा आहे की."

मग यादी सुरू झाली. वर गणपती, त्याच्या खाली कुलस्वामिनी, त्याच्या खाली ग्रामदैवत, मग ज्यांचे आशीर्वाद आहेत ते, मग कैलासवासी असूनही ज्यांचं नाव गाळता येत नाही ते, मग प्रेषक, निमंत्रक, स्वागतोत्सुक, समस्त परिवार, आणि तळाशी किलबिल: 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' आणि त्याखाली तेरा पोरांची लाडाची नावं, ज्यांतली दोन अजून बोलायला लागलेली नव्हती.

डिझाइनमध्ये उतरंड नावाचं एक प्रकरण असतं. बघणाऱ्याची नजर आधी कुठे जावी, मग कुठे, हे अक्षरांच्या आकाराने ठरवायचं. सगळ्यात महत्त्वाचं ते सगळ्यात मोठं. मी समजत होते की लग्नपत्रिकेत नवरा-नवरीची नावं सगळ्यात महत्त्वाची. हा माझा पुस्तकी भ्रम होता. नवरा-नवरी कुठे जाणार आहेत? ती येणारच. अक्षर मोठं हवं ते येणार नाहीत अशी भीती असलेल्यांचं. थोरल्या आत्याचे यजमान मागच्या लग्नात पंगतीतून उठले होते, म्हणून त्यांना अठरा पॉइंट. मामांचे चुलतभाऊ बांधाच्या वादात तडजोडीला तयार झाले होते, म्हणून त्यांना सोळा आणि ठळक. रात्री अकराला फोन आला: "माझं नाव अण्णापेक्षा बारीक का?"

"काका, सारखंच आहे."

"मग अण्णाचं लांब का दिसतंय?"

"त्यांच्या नावात अक्षरं जास्त आहेत."

"मग माझ्यापुढे श्रीमंत लाव."

पत्रिका छापायला दिली तिथे आणखी एक लढाई झाली. नवऱ्याच्या नावात श आणि ल आहे, नवरीच्याही नावात श आणि ल आहे. नावं सांगत नाही, तुम्ही ओळखलीच असतील. आणि पडद्यावर सगळीकडे हिंदी वळणाचा श आणि ल. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा. शाळेत बाईंनी तोच गिरवून घेतलेला आणि शासन निर्णयातही तोच वापरायला सांगितलेला. मी ऑपरेटरला म्हटलं, हा ल आपला नाही. त्याने आधी पडद्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "ताई, ल ला लच म्हणतोय तो." मी हट्टाला पेटले. देवनागरी संगणकावर यावी म्हणून र. कृ. जोशींसारख्या माणसाने आयुष्य वेचलं, विंडोजमधला मंगल फाँट त्यांनी केला, वगैरे वगैरे. त्याने एवढंच ऐकलं.

"मंगल? पण तुम्ही तर कार्यालय दुसरं लिहिलंय."

माझा मजकूर युनिकोडमध्ये होता आणि त्यांचे फाँट जुन्या पद्धतीचे, त्यामुळे तो एका रूपांतरातून गेला. त्यात एका ठिकाणी रफार गडगडला आणि त्याचा आडवा अर्धा र झाला. मामांच्या घराण्याचे एक गुरू आहेत. पत्रिकेत वरच्या बाजूला छापून आलं: 'परमपूज्य आचाऱ्यांचे शुभाशीर्वाद'. पाचशे प्रती वाटून झाल्यावर कळलं. गुरू मोठ्या मनाचे, हसले आणि विसरले. आचारी मात्र विसरला नाही. त्याच्या तीस वर्षांच्या धंद्यात पत्रिकेत नाव घालणारं हे पहिलंच घर. मांडवात तो नवरा-नवरीपाशी येऊन अक्षता टाकून गेला आणि जिलबी मोजायचीच नाही असं त्याने वाढप्यांना बजावलं. मामा अजून म्हणतात, पोरीनं पत्रिका जमवली.

त्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा होता. पुण्यातल्या स्टुडिओंनी माझ्या मेलना उत्तर म्हणून सढळ हाताने मोकळी जागा पाठवली. शेवटी बाबांनी कराडच्याच एका फ्लेक्सवाल्या भाऊंकडे शब्द टाकला. मी नाक मुरडत गेले. त्यांच्या त्या कोंदट खोलीत मी जेवढं शिकले, त्याचं श्रेय मी ज्युरीपुढे बाउहाउसला देते.

भाऊंच्या कामाचा वेग बघून चक्कर येते. तालुक्यातल्या एका 'भावी' व्यक्तिमत्त्वाचा वाढदिवस. वर पक्षाचे मोठे नेते गोलात, त्यांच्या गोलांचे आकार पुढच्या निवडणुकीच्या अंदाजाप्रमाणे. मध्ये उत्सवमूर्ती, कानाला मोबाइल. मागे गर्जणारा सिंह. खाली शुभेच्छुकांच्या डोक्यांच्या रांगा. ही डोकी व्हॉट्सॲपवर येतात आणि कुणाच्यातरी हळदीच्या ग्रुप फोटोतून कापावी लागतात. मी कापलेल्या एका तरुणाच्या खांद्यावर दुसऱ्याचा पंजा तसाच राहिला. मनगटापासून पुढे काहीच नाही.

"भाऊ, हा हात काढायला वेळ लागेल."

"राहू दे. खाली समस्त मित्र परिवार लिहिलंय."

एकदा माझ्यातली विद्यार्थिनी उसळून आली. ट्रॅक्टरच्या शोरूमची जाहिरात होती. मी एक लाल ट्रॅक्टर उजव्या कोपऱ्यात ठेवला, एक ओळ लिहिली आणि बाकी सगळं आकाश सोडलं. भाऊंनी चष्मा कपाळावर घेतला आणि दोन पावलं मागे सरकले. मला क्षणभर वर्गात असल्याचा भास झाला.

"झकास दिसतंय," ते म्हणाले. "आता गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघ. दहा बाय वीस म्हणजे दोनशे फूट. तुझा ट्रॅक्टर बसला चाळीस फुटात. एकशे साठ फुटाचे पैसे तो कशाचे देणार?"

"मोकळ्या जागेचे."

"मोकळी जागा त्याच्या शोरूमपुढे आहे, ती फुकट आहे."

मी गप्प झाले. पण गिऱ्हाईक आलं, त्याने पडद्यावरचं ते आकाश पाहिलं आणि खूश झालं. "हे बेस्ट," तो म्हणाला. "इथं वर आमचे वडील, इथं आई, इथं कंपनीचे साहेब, आणि ह्या कोपऱ्यात लाल दिव्यात 'शून्य टक्के व्याज'. जागा कुणी सोडली? हुशार आहे माणूस."

परत आल्यावर कळलं की सरांची साठी आहे. निमंत्रण त्यांनी स्वतःच केलं होतं, आणि आम्हा सगळ्यांना ते दाखवताना त्यांचा हात थोडा थरथरत होता. पांढराशुभ्र चौकोनी कागद. उजवीकडे खाली, नखाएवढ्या अक्षरांत, '६०'. मागच्या बाजूला भिंग लावलं तर वाचता येईल असा पत्ता. वर्गात कुणी काही बोललं नाही. खरंच सुंदर होतं ते. आम्ही ज्याच्यासाठी इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या, ते त्या कागदावर होतं, किंवा नव्हतं.

दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी सरांच्या घरून बोलतेय. काकू. तू ती नंबरप्लेटवाली ना? सरांना सांगू नकोस."

"नाही सांगत. काय झालं?"

"अगं, सोसायटीत दहा जणांना ते कार्ड दिलं. तिघांनी विचारलं, साठ टक्के सूट कशावर आहे. नणंदेचा तर फोनच आला, की आमची नावं घालायला लाज वाटली का म्हणून. तुझ्याकडे यांची ती फाइल आहे का?"

फाइल होती. सरांनीच अभ्यासाला दिली होती.

"मग लिहून घे. वर गणपती. मग कुलदैवत. मग माझ्या तिन्ही नणंदा, यजमानांसह, सगळ्यांचं अक्षर एकाच मापाचं घे, मोजतात त्या. मग माझे भाऊ. मग सोसायटीचे चेअरमन, नाहीतर हॉल मिळायचा नाही. आणि खाली नातवंडं. ते 'यायचं हं' आहे ना, ते घालायचंच."

"काकू, सरांचं नाव केवढं ठेवू?"

"त्यांचं बारीक केलंस तरी चालेल, ते कुठे जातायत."

"पण एवढं सगळं बसेल का?"

"न बसायला काय झालं? जागा आहे की भरपूर. यांनी सगळी सोडूनच ठेवलीय."